जॅक नवा टाकला तरी खांब उठंना? आधी सुतळी लावून बघा

बिजागरीवर आडवा होणारा दिव्यांचा खांब आता गावोगाव दिसतो. कबड्डीचं मैदान, शाळेचं पटांगण, कारखान्याचं यार्ड, देवळासमोरचा चौक. दिवा बदलायला शिडी नको, क्रेन नको. बुडाशी हायड्रॉलिक जॅक, म्हणजे तेलाच्या दाबानं रॉड बाहेर ढकलणारा सिलेंडर असतो. लिव्हर ओढली की खांब खाली, काम झालं की वर. सांगली, मिरज, कुपवाड भागातले बरेच फॅब्रिकेटर असे खांब करून देतात, आणि त्यांच्याकडं येणारी तक्रारही ठरलेली असते: "टोकाला चौघं लागलो की हातानं उचलतोय, आणि पाच टनाचा जॅक जागचा हलंना!"

मग सील किट बदललं जातं. त्यानं भागलं नाही की पंप, आणि शेवटी मोठा सिलेंडर. मोठ्या सिलेंडरनं खांब उठतो, चार दिवस सगळे खूष असतात, आणि पुढच्या हंगामात बेस प्लेटचं वेल्डिंग फाटून माणूस परत दारात. आधीचाच दोष तो, फक्त जागा बदलून आलेला.

पहिल्यांदा गेज

सिलेंडरला होज जिथं लागतो तिथं टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ० ते २५० किलोचा ग्लिसरीनचा प्रेशर गेज बसवा. (किलो म्हणजे अर्थात दर चौरस सेंटीमीटरला किलो, वर्कशॉपात कुणी एवढं लांब बोलत नाही.) पंपाजवळच्या गेजवर विसंबू नका. मधला व्हॉल्व्ह किंवा होज चोंदलेला असेल तर तो खुशाल खोटा आकडा दाखवतो.

खांब पूर्ण आडवा असताना लिव्हर ओढून धरा. काटा चढत जाऊन १५० वर थांबला, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) किंचाळायला लागला, होज ताठ झाला आणि खांब तसाच पडून राहिला, तर हायड्रॉलिक ठणठणीत आहे. पंपाला शिव्या देऊ नका, तो त्याच्या ताकदीइतकं करतोय. दोष जोडणीच्या मापात आहे आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

काटा पन्नास-साठच्या आसपास रेंगाळत असेल तर गोष्ट वेगळी. खांबाकडची पिन काढून रॉड पूर्ण बाहेर जाऊ द्या आणि तिथं लिव्हर दाबून धरा. तरी प्रेशर चढत नसेल तर होज सिलेंडरपासून सोडून त्याचं तोंड प्लगनं बंद करा आणि पुन्हा बघा. आता चढलं तर सिलेंडरचं सील गेलंय. आताही नाही चढलं तर पंप, रिलीफमधला कचरा किंवा टाकीतलं तेल. एवढ्यात ते काम मिटतं.

गेज नसेल तर एक गावठी खूण आहे. दोघातिघांनी टोक छातीपर्यंत उचलून दिलं आणि तिथून पुढं जॅक खांबाला सरळ वर घेऊन गेला, तर बहुधा मापाचाच दोष. सील गेलेला सिलेंडर असा पुढं भराभर चालत नाही.

वजन विचारू नका, टोक तोला

उदाहरणाला एक नेहमीचा खांब घेऊ. नऊ मीटर लांब, पाच इंची मध्यम जाडीचा पाइप. मीटरला साधारण १६ किलो, म्हणजे गसेट (आधाराच्या पट्ट्या), रंग धरून दीडशे किलो. टोकाला फ्रेम आणि दिवे मिळून ४० किलो. एकूण १९० किलो. आता कुणालाही वाटेल, १९० किलोला पाच टनाचा जॅक म्हणजे चैन झाली.

पण बिजागरीला नुसत्या वजनाशी देणंघेणं नाही, ते वजन तिच्यापासून किती लांबवर आहे याच्याशी आहे. पाइपचं वजन मध्यावर धरायचं: १५० गुणिले ४.५ म्हणजे ६७५. दिव्यांचं टोकाला: ४० गुणिले ९ म्हणजे ३६०. बेरीज १०३५ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, रस्त्याचा किलोमीटर नव्हे). इथं बघा, दिवे एकूण वजनाच्या पाचव्या भागाइतके, पण भार तिसऱ्या भागाहून जास्त. त्यामुळं "आणखी दोन फ्लडलाइट वाढवू" असं सरपंच म्हणाले की आधी हा हिशेब काढायचा, मग हो म्हणायचं.

वजनाचे तक्ते हाताशी नसतील तर लटकता वजनकाटा आणा. सिलेंडरची पिन काढा, टोकाला काटा लावून चेनपुलीनं टोक जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढं उचला आणि आकडा वाचा. आपल्या खांबाला तो ११५ किलोच्या आसपास येईल. गुणिले नऊ मीटर, तेच १०३५. काट्याचा आकडा मी तक्त्यापेक्षा खरा मानतो. त्यात केबल, जंग, आत साठलेलं पाणी, वेल्डरनं मनानं वाढवलेल्या पट्ट्या सगळं येतं.

चौघं मिळून टोक का उचलतात हेही इथंच कळतं. दार कडीजवळ बोटानं ढकलता येतं, बिजागरीजवळ खांदा लावावा लागतो.

आता सुतळी

खांब आडवा ठेवा. सिलेंडरच्या खालच्या पिनच्या मध्यापासून वरच्या पिनच्या मध्यापर्यंत लाइनदोरी ताणून बांधा. सिलेंडर जागेवरच असेल तर त्याच्या कडेनं, दोन्ही पिनांच्या टोकांवरून ताणा. मग गुण्याची (काटकोनी पट्टीची) एक बाजू दोरीला लावून तो सरकवत न्या, दुसरी बाजू बिजागरीच्या पिनच्या मध्यावर आली की थांबा. दोरीपासून बिजागरीपर्यंतचं ते काटकोनातलं अंतर टेपनं मोजा. सगळा खेळ या एका अंतरात आहे. सिलेंडर किती लांब आहे, खांबाला किती पुढं लावलाय, याला एकट्यानं अर्थ नाही. त्याची रेघ बिजागरीपासून किती दूरून जाते एवढंच खांबाला समजतं.

लागणारी ताकद = १०३५ भागिले ते अंतर, मीटरमध्ये.

नेहमी दिसणारी मांडणी अशी: खालची पिन बिजागरीपासून ३०० मिमी पुढं (खांब आडवा पडतो त्या बाजूला) आणि फक्त १०० मिमी खाली, वरची पिन खांबावर १२०० मिमीवर. दिसायला सुबक, सगळं जमिनीलगत. सुतळीचं अंतर भरतं साधारण १३२ मिमी. १०३५ भागिले ०.१३२५ म्हणजे ७,८०० किलो. पावणेआठ टन! पाच टनाचा जॅक रडणारच.

खालची पिन तेवढीच पुढं ठेवून १०० ऐवजी ४०० मिमी खाली घेतली तर सुतळीचं अंतर ४८७ मिमी होतं आणि ताकद लागते २,१०० किलो. खांब तोच, दिवे तेच, वरची पिनही जागेवरच. एक पिन फूटभर खाली गेली आणि पावणेआठाचे दोन टन झाले.

खांब उठत जाईल तसं काय होतं तेही काढून ठेवलंय. पहिला आकडा १०० मिमीच्या मांडणीचा, दुसरा ४०० मिमीचा, किलोमध्ये:

आडवा: ७,८०० आणि २,१२०
२० अंशावर: ४,०१० आणि १,९६०
४५ अंशावर: २,३६० आणि १,६८०
७५ अंशावर: ८९० आणि ८८५

पहिल्या आकड्यांचा उतार बघा. वीस अंशात ताकद निम्म्यावर आली. म्हणून चौघांनी टोक उचलून दिलं की पुढं जॅक पळतो. शेवटच्या ओळीत दोन्ही मांडण्या जवळपास सारख्याच; सगळी भानगड पहिल्या वीस अंशांची. साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या पठारासारख्या ठिकाणी वारा मोजायचे तणावे बांधलेले मनोरे आडव्या-उभ्या खांबाच्या आधारानं दोरानं उभे करतात. तिथंही दोरावर सगळ्यात जास्त ताण पहिल्या उचलीलाच येतो, कारण तेच.

या आकड्यांवर ३० टक्के वाढ धरा: गंजलेली पिन, सुरुवातीचा झटका, किंचित वाकडा बसलेला सिलेंडर. म्हणजे चांगल्या मांडणीला २,७६० किलो. ६३ मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलेंडरचं क्षेत्रफळ ३१.२ चौरस सेंटीमीटर. २,७६० भागिले ३१.२ म्हणजे ८९ किलो प्रेशर. १५० च्या रिलीफवर निवांत. वाईट मांडणीला तोच सिलेंडर वाढ न धरताही २५० किलो मागतो.

मोठा सिलेंडर का नको

१०० मिमी बोअर टाकलात तर ७८.५ चौरस सेंटीमीटर मिळतात आणि १०० किलो प्रेशरला खांब उठायला लागतो. खोटं कशाला बोला, उठतो. पण ते पावणेआठ टन कुठं जातात? सिलेंडर जवळजवळ आडवा असतो, जमिनीशी जेमतेम सहा अंश. तो खांबाला वर कमी आणि पुढं जास्त ढकलतो. खांब पुढं पळू नये म्हणून बिजागरीची पिन त्याला धरून ठेवते, म्हणजे ती सगळी ओढ पिन, तिला धरणारे दोन कान (प्लेटा) आणि बेस प्लेटवर. कानांत फट जास्त असली की पिन केळ्यासारखी वाकते. वेल्डिंग फाटतं ते याच ओढीनं, वेल्डर बिचारा फुकट बदनाम होतो.

त्यातून बिजागरी एका काँक्रीटवर आणि सिलेंडर दुसऱ्या स्वतंत्र ठोकळ्यावर असेल तर आपल्याकडं आणखी वाईट. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन ठोकळे दोन दिशांना सरकतात आणि मापं आपोआप बदलतात. सिलेंडर आणि बिजागरी एकाच चॅनेलच्या फ्रेमवर बांधा. मग ही आडवी ओढाताण फ्रेमच्या फ्रेममध्ये मिटते, पायाला फक्त खांबाचं वजन, वारा आणि कलण्याचा भार उरतो.

नवा खांब करताना

चारशे मिमी खाली जायचं म्हटल्यावर सगळ्यांना खड्डा सुचतो. उंच मुरमाड जागेवर चालेल. नदीच्या बाजूला करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि तिथं धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पण पुराचंच कशाला, साध्या वळवानंही खड्डा गाळानं भरतो, रॉडचं क्रोम खडबडीत होतं आणि नवं सील महिन्यात कापलं जातं. त्यापेक्षा बिजागरीच वर घ्या. बेसवर चारशे-साडेचारशे मिमीचा चॅनेलचा स्टूल उभा करा, त्यावर बिजागरी, आणि सिलेंडरची खालची पिन फ्रेमच्या तळाशी. पॉवर पॅकची (पंप आणि टाकीची) पेटी माणसाच्या छातीच्या उंचीला.

इथं लोक दुसऱ्या एका गोष्टीत फसतात. ताकद जुळते, पण सिलेंडर त्या जागेत मावतच नाही. बंद सिलेंडरची लांबी म्हणजे स्ट्रोक (रॉड जेवढा बाहेर येतो तेवढं माप) अधिक डोळे, पिस्टन, ग्लँड यांची अडीचशेक मिमी. आपल्या चांगल्या मांडणीत पिन ते पिन अंतर आडवं असताना ९८५ मिमी आणि उभं असताना १,६२८, स्ट्रोक ६४३. त्यात २५० मिळवले तर ८९३, म्हणजे ९८५ मध्ये बसतो. खालची पिन ३०० ऐवजी ५०० मिमी पुढं घेतली तर ताकद आणखी घटून १,७४० किलोवर येते. कागदावर छान दिसतं, पण बंद अंतर ८०६ आणि स्ट्रोक ८७०. असा साधा एकाच रॉडचा सिलेंडर कुणी करून देऊ शकत नाही. म्हणून पाइप कापायच्या आधी फरशीवर खडूनं पूर्ण मापाचं चित्र काढा, खांब आडवा आणि उभा दोन्ही. संगणकापेक्षा हे वर्कशॉपात जास्त चालतं आणि वेल्डरलाही पटतं.

उभा करून ठेवलेला खांब, आता काय?

फ्रेम तोडायची नसेल तर दोन उपाय एकत्र करा.

एक, वरची पिन खांबाच्या रेषेतून काढून २५० मिमी वर न्या. खांबाच्या दोन्ही बाजूंनी १२ मिमी प्लेटचे कान, खांब आडवा असताना वर डोकावतील असे. सुतळीचं अंतर १३२ चं २०२ होतं, ताकद ७,८०० ची ५,१०० किलो. बंद अंतर मात्र ६० मिमीनं वाढतं, तेव्हा रॉडच्या डोळ्यामागं तेवढा तुकडा घाला, नाहीतर वर जाताना स्ट्रोक अपुरा पडेल. एकूण स्ट्रोकही १५-२० मिमीनं वाढतो, तो तुमच्या सिलेंडरमध्ये शिल्लक आहे का बघा.

दोन, खांब पूर्ण आडवा होऊच देऊ नका. टोकाखाली दीड मीटर उंचीची पक्की घोडी ठेवा, म्हणजे खांब दहा अंशावर थांबतो. दिव्याचं काम उलट सोयीचं होतं, वाकावं लागत नाही. कान अधिक घोडी मिळून ताकद येते ४,१०० किलो, ६३ च्या सिलेंडरला १३१ किलो प्रेशर. १५० च्या रिलीफवर उठतो. वर म्हटलेली तीस टक्क्यांची उसंत इथं उरत नाही, म्हणून पिनांना ग्रीस वेळच्या वेळी मारा.

तिसरा उपाय जुनाच: खांब बिजागरीच्या मागं मीटरभर वाढवून तिथं वजन टांगायचं. ४०० किलो टांगलेत तर १०३५ चे ६३५ होतात. पायाला ते वजन पेलावं लागतं, आणि खांब उभा होताना ही शेपटी खाली येते, तिला बिजागरीखाली मीटरभर जागा लागते.

उठतो, पण हिसके देतो

सुरुवातीला जॅक चालतो आणि टोक हलत नाही, हे नॉर्मल आहे. नऊ मीटरचा पाच इंची पाइप आधारापुढं सहा-सात इंच लवतो. आधी तो सरळ होतो, मग टोक सुटतं.

हिसके बसत असतील तर हवा काढा, आणि नंतर वेग बघा. ६३ बोअर, ६४३ स्ट्रोक, म्हणजे सगळं मिळून दोन लिटर तेल. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक आउटलेटमधून मिनिटाला वीस लिटर आलं तर खांब सहा सेकंदांत उभा! टोक चौदा मीटरचा कमानीतला प्रवास करतं, म्हणजे सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेग, आणि वर गेल्यावर एकदम ब्रेक. पाइपमध्ये सिलेंडरच्या पिनपाशी नुसत्या वजनानंच चौरस मिलिमीटरला १२० न्यूटन ताण असतो, आणि या पाइपचं पोलाद २१० ला कायमचं वाकायला लागतं. एक जोरदार हिसका त्याला पुरतो. ट्रॉलीच्या जॅकची सवय इथं चालत नाही. फ्लो कंट्रोल (तेलाचा वेग आवरणारा व्हॉल्व्ह) टाकून एका फेरीला दीड-दोन मिनिटं लागतील असं करा.

उभा झाल्यावरचा धोका

खांब सरळ उभा झाला की सिलेंडरवरचा भार जवळपास शून्य होतो आणि सगळ्यांचं लक्ष सुटतं. याच वेळी वारा त्याला मागं ढकलू शकतो, आणि एका बाजूनंच ढकलणारा जॅक असेल तर त्याला धरणारं कुणीच नाही. ताशी ५४ किलोमीटर वाऱ्याला आपल्या खांबावर आणि दिव्यांवर मिळून पावणेदोनशे किलो-मीटरचा भार येतो. उभ्या स्थितीत सुतळीचं अंतर २२१ मिमी, म्हणजे सिलेंडरवर जवळपास आठशे किलो, कधी दाब, कधी ओढ. म्हणून सिलेंडर ढकलणारा आणि ओढणाराही, म्हणजे डबल अॅक्टिंगच हवा, पलीकडं पक्का स्टॉपर हवा. उभा झाला की लॉक पिन आणि बेसचे बोल्ट लागलेच पाहिजेत. रात्रभर खांब तेलावर उभा ठेवायचा नाही.

रॉडही इथंच वाकतो, सुरुवातीला नाही. पूर्ण बाहेर आलेला २५ मिमी रॉड १,६२८ मिमी लांबीवर दीड टनाच्या आसपास लवतो. साडेतीनपट सुरक्षितता धरली तर हाती राहतात सव्वाचारशे किलो. आपल्याला आठशे-नऊशे हवेत. ३६ चा रॉड घेतला तर अठराशे मिळतात. फरक थोड्या पैशांचा आहे.

उतरवताना खांब हळूहळू नको तेवढा वेग घेत असेल तर सिलेंडरच्या तोंडावरच खांबाचं वजन रोखून धरणारा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह लावा, होजच्या दुसऱ्या टोकाला नको. होज फुटला तर खांब वाटेत थांबला पाहिजे. खांबाच्या लांबीइतक्या वर्तुळात माणूस नको, आणि वरून जाणारी वीजवाहिनी तर अजिबात नको. वाहिनी असेल तर खांबाची जागा बदला.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं झालं, तर ही मापं लिहून ठेवा: टोकाचा काट्यावरचा आकडा, खांबाची लांबी, बिजागरीपासून खालची पिन किती पुढं आणि किती खाली, वरची पिन किती अंतरावर, बोअर, रॉड, स्ट्रोक, आणि खांब हलायच्या क्षणी गेजवर काटा कुठं होता. "जॅक पाच टनाचा हाय" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.